फ्रँकोनिया नॉच: एका दिवसात काय बघाल

बॉस्टनहून आय-९३ धरून उत्तरेला निघालात की अडीच तासांत न्यू हॅम्पशायरचं फ्रँकोनिया नॉच स्टेट पार्क येतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पानं रंगतात आणि गर्दीही उसळते. शनिवार-रविवारी नऊच्या आत पोचा, नाहीतर पार्किंग विसरा.

फ्लूम गॉर्ज या अरुंद घळीचं तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा. सुमारे दोन मैलांचा फेरा. ग्रॅनाइटच्या ७० ते ९० फुटी भिंती, मधली फट कुठेकुठे जेमतेम १२ फुटांची, आणि त्यातून लाकडी फळ्यांवरून चालायचं. फळ्या ओल्या असतात, पायऱ्याही पुष्कळ. आईबाबा भारतातून आले असतील तर चपला गाडीतच ठेवायला लावा. (ऐकणार नाहीत, तरी सांगा.)

गुडघे कुरकुरत असतील तर सरळ 'द बेसिन' गाठा. तिथे तिकीट नाही, चालणंही थोडंच. पाण्यानं खडकात कोरलेला ३० फूट रुंद खळगा, आपल्या निघोजच्या रांजणखळग्यांचा थोरला भाऊच!

'ओल्ड मॅन' म्हणजे कड्यावरच्या खडकांतून दिसणारा म्हाताऱ्याचा चेहरा; तो शोधत बसू नका. तो ३ मे २००३ रोजी कोसळला. प्रोफाइल लेकच्या काठी पोलादी खांब उभारलेत. आपल्या उंचीच्या खुणेवर उभं राहून वर पाहिलं की खांबावरच्या आकारांमुळे तोच चेहरा कड्यावर जुळून येतो.

डबा एको लेकला उघडा.