स्मार्ट बोर्ड आहे, पण वर्ग गप्प? या चुका टाळा

नववीला ‘धाराविद्युत’ शिकवायचं होतं. रात्री जागून १२ मिनिटांचा एक देखणा व्हिडिओ शोधला आणि सकाळी पॅनलवर लावला. वर्ग इतका शांत, की पंख्याची कुरकुर ऐकू यावी. म्हटलं, जमलं! दुसऱ्या दिवशी विचारलं, “एकसर जोडणीतला एक बल्ब काढला तर दुसऱ्याचं काय होईल?” कुणाचाच हात वर नाही. शेवटी एकजण म्हणाला, “बाई, तो व्हिडिओतला माणूस बोलतो मात्र छान.”

नवी मुंबईतल्या ऐरोलीत शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. खडू-फळा, प्रोजेक्टर, आता हे भलंमोठं पॅनल, सगळं हाताळून झालं. शांत वर्ग म्हणजे रमलेला वर्ग, हा माझा गैरसमज त्या दिवशी गेला. पडद्याने उत्तर आधीच सांगून टाकलं तर पोरांनी डोकं कशाला चालवायचं?

आता मी उलट करते. आधी प्रश्न. प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा, पेनाने, खोडायचं नाही. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं भांडायचं. मग पुन्हा मत. पडदा त्यानंतर. ही युक्ती माझी नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून असं शिकवत आलेत. त्यांचा एक ठोकताळा फार कामाचा आहे: पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं उत्तर बरोबर आलं, तरच चर्चा रंगते. सगळ्यांनाच येत असेल तर पुढे जा, कुणालाच येत नसेल तर आधी शिकवा.

पडद्यावर दाखवायला मी फेट (PhET) वापरते, म्हणजे कॉम्प्युटरवर स्वतः करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग. कार्ल वीमन या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा उपक्रम आहे. फुकट आहे, त्यातलं बरंच मराठीतही मिळतं. तारा, सेल, बल्ब ओढून परिपथ जोडायचा. सेलची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की ज्वाळा दिसतात. पोरं तेच पाच वेळा करून बघतात. करू द्या. सहाव्यांदा फक्त एवढंच विचारा, “बल्ब मध्ये होता तेव्हा आग का नाही लागली?”

पण इथेच पुढची चूक टपून बसलेली असते. पडद्यावर झालं, म्हणजे प्रयोग झाला! आमच्याकडे समांतर जोडणीत दुसरा बल्ब लावला. फेटमध्ये पहिल्याचा उजेड तसाच राहिला. मग टेबलावर टॉर्चचा जुना सेल घेऊन तेच केलं, तर दोन्ही बल्ब जरा मंदावले. “बाई, कॉम्प्युटर खोटं बोलतो!” अख्खा वर्ग जागा झाला. कॉम्प्युटर खोटं बोलत नव्हता. आपण वेगळं काही सांगितलं नाही तर तो आदर्श सेल धरतो. खऱ्या सेलला स्वतःचा आतला रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, असतो, जुन्या सेलला जास्तच. हा मुद्दा मी कधीच इतक्या सहज शिकवू शकले नव्हते. सेल, तार आणि दोन छोटे बल्ब खोक्यात ठेवाच.

आणखी एक मोठी चूक क्विझची. कहूत (Kahoot) या फोनवरच्या क्विझमध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला गुण जास्त. तीच चार-पाच नावं दर वेळी वर, आणि वाचायला वेळ लागणारी मुलं तिसऱ्या प्रश्नापासून आकाशाकडे बघत. वेळ २० सेकंदांऐवजी ६० किंवा ९० ठेवा. वर्गात सगळ्यांकडे फोन नसतातच, आणि असूही नयेत असं माझं मत. त्यासाठी प्लिकर्स (Plickers) या अ‍ॅपची कार्डं बरी. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड. कार्डाची जी बाजू वर, ते उत्तर. आपल्या एका फोनने वर्गभर कॅमेरा फिरवला की झालं. कार्ड वाचलं जात नसेल तर दोन गोष्टी तपासा: काळ्या नक्षीवर बोट आलंय का, आणि कार्ड चकचकीत लॅमिनेट केलंय का. मी हौसेने लॅमिनेट करून आणली होती आणि ट्यूबलाइटच्या झळाळीत निम्मी वाचलीच जाईनात. साध्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवा.

गृहपाठाची लिंक दुपारी ग्रुपवर टाकून सकाळी हिशेब मागणं, हीही तशीच चूक. आमच्या कित्येक घरांत एकच फोन, तो बाबांबरोबर एमआयडीसीत ड्युटीवर. रात्री नऊला फोन घरी येतो, तेव्हा पोरगं पेंगत असतं.

आता यंत्राच्या कुरबुरी. प्रोजेक्टरवाल्या बोर्डावर पेन एकीकडे आणि रेघ दोन बोटं पलीकडे उमटत असेल, तर बोर्ड बिघडलेला नाही. साफसफाईत प्रोजेक्टरला धक्का लागलाय, कॅलिब्रेशन, म्हणजे पेन आणि चित्राची जुळणी, परत करा. पॅनल आपोआप लिहायला लागलं तर आमची पोरं “भूत!” ओरडतात. बहुतेक वेळा ते भूत चौकटीत साचलेल्या खडूच्या धुळीचं किंवा कुणीतरी चिकटवलेल्या स्टिकरचं असतं. बंद करून कोरड्या मऊ फडक्याने पुसा. इंटरनेटच्या भरवशावर तास लावू नका. फेट आणि दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचा मजकूर आधी डाउनलोड होतो, आणि मध्येच साबणाची जाहिरातही लागत नाही. अक्षर दिसतंय का, हे स्वतः शेवटच्या बाकावर बसून बघा. दुपारच्या उन्हात फिकट निळ्यावर पिवळं काही दिसत नाही.

तंत्रज्ञानाचा मला सगळ्यात आवडलेला उपयोग मात्र भूगोलाचा. गूगल अर्थमध्ये जुनी छायाचित्रं दिसतात. मी शाळेचा परिसर उघडला आणि वर्षांची पट्टी मागे नेण्याआधी विचारलं, “आपण बसलोय तिथे आधी काय असेल?” जंगल, समुद्र, डोंगर, काय काय आलं. जुन्या चित्रात खाडीलगत चौकोन-चौकोन दिसले. कुणाला ओळखू येईनात. दुसऱ्या दिवशी घणसोलीहून येणारी, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, “बाई, आजोबा म्हणाले, ती मिठागरं.” मग कुठे कुणाचं होतं, पाणी कसं आत घ्यायचे, ती बोलतच राहिली. मग उलवा काढलं, नवी मुंबई विमानतळासाठी सपाट झालेली टेकडी आणि वळवलेली नदी. तास संपल्याची घंटा मलाच ऐकू आली नाही.

आणि लाइट जाणारच, हे धरून चाला. गेल्या पावसाळ्यात ऐन प्रश्नाच्या वेळी गेली. म्हटलं, बोटं दाखवा: एक म्हणजे पहिला पर्याय, दोन म्हणजे दुसरा, आणि हात छातीशी, शेजाऱ्याला दिसता कामा नये. मोजणी अर्ध्यावर असताना पॅनल पुन्हा उजळलं. मी रिमोटकडे वळले तर मागून आवाज आला, “थांबा ना बाई, आमची रांग मोजायची राहिली!”