किटमधून मुलांसोबत घरचे चॉकलेट
बेळगाव-खानापूरकडे पावसाळ्यात हवा फार दमट असते, म्हणून या कामासाठी हिवाळ्यातली सकाळ निवडावी. किटमधील कोको बटर गरम पाण्यावर ठेवलेल्या कोरड्या भांड्यात मोठ्यांनीच वितळवावे, कारण वाफेने हात भाजतो आणि पाण्याचा एखादा थेंब जरी आत पडला, तरी मिश्रणाच्या गुठळ्या होतात. कोको पावडर व पिठीसाखर चाळून घालण्याचे काम मात्र मुलांकडे द्यावे. हे मिश्रण ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, सतत ढवळत २७-२८ अंशांपर्यंत निववून पुन्हा ३१-३२ अंशांवर आणले, तर वडीला चकाकी येते आणि ती मोडताना ‘कट्’ असा आवाज होतो. मुलांना खरी गंमत इथेच वाटते. आत कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) भरण्याचा मोह आवरावा, कारण त्यातल्या ओलाव्याने चॉकलेट टिकत नाही. भाजलेल्या काजूचे तुकडे उत्तम.