ओमानचा प्रवास कसा आखावा: वार, ऊन आणि पाणी यांचा मेळ

मुंबईहून मस्कतला विमानाने तीन तासांच्या आत पोहोचता येते. तरीही बहुतेक प्रवासी मस्कतमध्येच तीन-चार दिवस घालवून, मशीद आणि बाजार पाहून परत येतात. देशाचा खरा गाभा अल हजर पर्वतरांगेच्या पलीकडे, निझवाच्या परिसरात आणि तेथून पूर्वेकडे पसरलेल्या वाळवंटात आहे. मात्र तिकडे जाताना केवळ ठिकाणांची यादी करून भागत नाही, कारण ओमानमध्ये जवळजवळ प्रत्येक ठिकाणाला त्याचा वार आणि त्याची वेळ असते. मशीद इतर धर्मीयांसाठी सकाळी मोजके तास उघडी असते, बकऱ्यांचा बाजार शुक्रवारीच भरतो, बाजारपेठ दुपारी मिटते आणि कासवे रात्रीच किनाऱ्यावर येतात. म्हणून आधी वार ठरवावेत आणि मग त्यांत ठिकाणे बसवावीत. पुढील आखणी मंगळवारी मस्कतला उतरून पुढच्या मंगळवारी रात्री तेथे परतण्याच्या हिशेबाने केली आहे.

सर्वप्रथम ऋतूचा विचार. नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने उत्तर ओमानसाठी योग्य आहेत. मे ते ऑगस्टमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि त्या उन्हात किल्ल्याचे पायऱ्यांचे चढही नकोसे होतात. ज्यांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्येच मिळते, त्यांनी उत्तरेचा नाद सोडून थेट दक्षिणेकडील सलालाह गाठावे. आपल्याकडे कोकणात कोसळणारा नैऋत्य मोसमी वारा तेथील धोफारच्या डोंगरांना धुके आणि रिमझिम देतो आणि एरवी रुक्ष असलेले ते डोंगर जूनअखेर ते सप्टेंबर या काळात हिरवेगार होतात. लोबानाची झाडे, मुघसैलच्या खडकांतून उसळणारे समुद्राचे फवारे आणि सुम्हुरम बंदराचे अवशेष हा त्या प्रदेशाचा ऐवज आहे. पण मस्कतपासून तो सुमारे १००० किलोमीटर दूर असल्यामुळे एकाच आठवड्यात दोन्ही भाग उरकण्याचा प्रयत्न करू नये. तारखा पक्क्या करण्यापूर्वी रमजानचा महिना कधी येतो तेही पाहावे. तो दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि त्या काळात दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणे-पिणे कायद्याने वर्ज्य असते.

व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन काढता येतो. नियम वेळोवेळी बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी तेथील ताजी माहिती वाचून घ्यावी. ओमानी रियालचे १००० बैसा होतात आणि एक रियाल दोनशे रुपयांहून अधिक पडतो, त्यामुळे किरकोळ वाटणारा आकडाही मनातल्या मनात रुपयांत फिरवून पाहण्याची सवय लावावी. गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ ठेवावा. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर स्वतःला बजावावे लागते. मुख्य रस्ते उत्तम आहेत, परंतु या आखणीत डोंगर आणि वाळू दोन्ही असल्यामुळे चारही चाकांना गती देणारी, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह गाडीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बुधवारची सकाळ सुलतान काबूस भव्य मशिदीसाठी राखून ठेवावी. शनिवार ते गुरुवार, सकाळी ८ ते ११ या वेळातच इतर धर्मीयांना प्रवेश मिळतो. त्यामुळे आठच्या ठोक्याला दारात असणे चांगले, कारण नऊनंतर पर्यटकांच्या बसगाड्या येऊ लागतात. स्त्रियांनी केस, मनगटे आणि घोटे झाकले जातील असा पोशाख करावा. सलवार-कमीज आणि मोठी ओढणी असेल तर वेगळी तयारी करावी लागत नाही, आणि ज्यांच्याकडे तसा पोशाख नसेल त्यांना आवारात झगा भाड्याने मिळतो. पुरुषांनी पूर्ण लांबीची पँट घालावी. २००१ मध्ये खुल्या झालेल्या या मशिदीच्या बांधकामात भारतातून आणलेला वालुकाश्म वापरलेला आहे. मुख्य प्रार्थनागृहातील गालिचा इराणी विणकरांनी चार वर्षे खपून विणला असून त्याचे वजन २१ टन आहे. त्यावर पाय पडू नयेत म्हणून पाहुण्यांसाठी वेगळी पट्टी अंथरलेली असते, तिच्यावरूनच चालावे. वर पाहिल्यास १४ मीटर उंचीचे झुंबर आहे. पण मला विचाराल तर झुंबराखाली गर्दी करण्याऐवजी बाजूच्या ओवऱ्यांतून सावकाश फिरावे. तेथील एकेका कोनाड्यात इस्लामी जगाच्या निरनिराळ्या प्रदेशांतील नक्षीकामाची शैली उतरवलेली आहे आणि तेथे फारसे कोणी थांबत नाही.

दुपारी जुन्या मस्कतमध्ये जावे. अल आलम राजवाड्यासमोरील राष्ट्रीय संग्रहालय २०१६ मध्ये सुरू झाले आणि उन्हाच्या वेळेसाठी त्याच्यासारखी जागा नाही. राजवाड्याच्या दोन्ही अंगांना खडकांवर उभे असलेले जलाली आणि मिरानी हे किल्ले पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात उभारले. ज्या आफोंसो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतले, त्यानेच त्याआधी तीन वर्षे मस्कत जाळून ताब्यात घेतले होते. पुढे १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफ यांनी पोर्तुगीजांना तेथून हुसकावले. गोव्याच्या आणि वसईच्या वाचकाला हे बुरुज पाहताना ओळखीची घडण दिसेल. जवळच कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांच्या परंपरेतील जुने मोतीश्वर महादेवाचे मंदिर आहे. संध्याकाळी मुत्रा बाजार गाठावा, कारण दुपारी एकच्या सुमारास बंद होणारी दुकाने चारनंतरच पुन्हा उघडतात. लोबान घ्यायचा असेल तर फिकट, किंचित हिरवट झाक असलेले आणि उजेडात धरल्यास आरपार दिसणारे खडे निवडावेत. लालसर, धुळकट खडे हलक्या प्रतीचे असतात. भाव करण्यास हरकत नाही, मात्र आवाज चढवून घासाघीस करणे तेथे असभ्य समजले जाते.

गुरुवारी मस्कतहून निघून सुमारे १६० किलोमीटरवरील निझवात मुक्काम करावा. संपूर्ण आखणी या एका मुक्कामासाठी केलेली आहे, कारण दुसऱ्या दिवशी पहाटेच बकऱ्यांच्या बाजारात उभे राहायचे असते.

शुक्रवारी सकाळी सातपर्यंत किल्ल्याशेजारच्या मैदानावर पोहोचावे. नऊपर्यंत सारे आटोपते. मध्ये छप्पर असलेला एक गोल कट्टा असतो, गिऱ्हाइके आत-बाहेर दोन रांगा करून बसलेली किंवा उभी असतात आणि त्यांच्यामधल्या वाटेवरून विक्रेते बकऱ्यांना दोरीने ओढत, लहान करडे कडेवर घेऊन, किंमत पुकारत गोल फिरत राहतात. एखाद्याने हात वर केला की विक्रेता क्षणभर थांबतो. गिऱ्हाईक बकरीचा ओठ वर करून दात पाहते, पाठीवरून हात फिरवून मांस अजमावते, कास चाचपते आणि मान हलवून तिला पुढे जाऊ देते, नाहीतर तेथल्या तेथे सौदा ठरतो. पाहुण्याने या फिरत्या वाटेत उभे राहू नये, जनावरे बिचकतात आणि माणसांचा खोळंबा होतो. बुरखाधारी बदू (वाळवंटातील भटक्या अरब) स्त्रियाही येथे व्यवहार करताना दिसतात. त्यांची छायाचित्रे विचारल्याशिवाय मुळीच काढू नयेत.

त्यानंतर निझवाचा किल्ला पाहावा. पोर्तुगीजांना घालवणाऱ्या त्याच सुलतान बिन सैफ यांनी सतराव्या शतकात बांधलेला त्याचा प्रचंड गोल बुरुज खालच्या अर्ध्या भागात माती-दगडांनी भरलेला आहे, त्यामुळे तोफांचे हादरे तो सोसू शकत असे. वर जाणारा जिना अरुंद आणि वळणावळणाचा असून प्रत्येक वळणावरील दाराच्या माथ्यावर छिद्रे आहेत. शत्रूवर तेथून खजुराचा उकळता पाक ओतला जात असे. तो पाक कोठून येई, हे पाहण्यासाठी खजुराची कोठी चुकवू नये. तेथील जमिनीत एकमेकींना समांतर पन्हळी आहेत. खजुराची पोती एकावर एक रचली की वरच्या वजनाने खालच्या पोत्यांतून पाक झिरपे आणि पन्हळींतून भांड्यात जमा होई. शनिवारी जवळचा बहलाचा मातीचा किल्ला आणि जब्रीनचा वाडा करता येतो. बहला १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण दोहोंपैकी एकच निवडायचा असेल तर रंगवलेल्या छतांसाठी मी जब्रीन निवडेन.

शनिवारची दुपार मिस्फत अल अब्रियीन या डोंगराच्या उतारावरील गावासाठी ठेवावी. येथे फलज म्हणजे काय ते पायी चालत समजते. डोंगराच्या पोटातील पाणी उताराच्या बळावर, कोणत्याही यंत्राशिवाय, चिंचोळ्या पाटाने गावापर्यंत आणलेले असते. ते आधी पिण्यासाठी, मग मशिदीसाठी आणि धुण्यासाठी आणि शेवटी खजुराच्या बागांना मिळते. अशा पाच फलजांना २००६ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला असून त्यांपैकी फलज दारिस निझवाच्या अगदी जवळ आहे. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत पाटकरी जसा पाळीने पाणी सोडतो, तशीच येथेही प्रत्येक बागाईतदाराची पाळी ठरलेली असते. फरक असा, की ती वेळेने मोजली जाते आणि साधारण अर्ध्या तासाचे एक माप धरतात. दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ही वेळ ठरवण्याची रीत होती. पाटाच्या कडेने चालताना वाटेत दगडाने किंवा चिंधीच्या बोळ्याने बुजवलेली तोंडे दिसतील. त्यांना हात लावू नये, कारण कोणाच्या तरी पाळीचे पाणी त्यामागे अडवलेले असते. गावात वस्ती आहे, म्हणून खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत आणि पोहण्याचा विचार तेथे करू नये.

रविवारी पहाटे निघून जबल शम्स चढावा. सुमारे ३००० मीटर उंचीच्या या डोंगराच्या कड्यावरून वादी नखरची (वादी म्हणजे पावसात भरून वाहणारी डोंगरातील घळ) खोल दरी दिसते. कड्याच्या कुशीतून अस साब या ओस पडलेल्या वस्तीकडे जाणारी पायवाट जाऊन-येऊन तीन-चार तास घेते. ती फारशी चढ-उताराची नाही, परंतु एका बाजूला सरळ कडा असल्याने लहान मुलांना आणि उंचीची भीती असणाऱ्यांना नेऊ नये. एप्रिलमध्ये आलात तर मात्र जबल शम्सऐवजी जबल अखदर निवडावा, कारण तेव्हा तेथे गुलाब फुललेले असतात आणि गुलाबपाण्याच्या भट्ट्या चालू असतात. त्या घाटाच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी फोर-व्हील गाडीखेरीज कोणालाही वर सोडत नाही.

सोमवारी सकाळी वाळवंटाकडे निघावे. बिदिया गावापासून शर्किया वाळूचा प्रदेश सुरू होतो. वाळूत गाडी घालण्यापूर्वी चाकांतील हवा बरीच कमी करावी लागते आणि ते काम गावातल्या टायरवाल्याकडून करून घ्यावे. अनुभव नसेल तर एकट्याने आत जाऊ नये, तंबूनिवासाचे लोक गावातून आपल्या गाडीने नेतात. दुपारी दोनच्या उन्हात टेकड्या सपाट आणि पांढुरक्या दिसतात, तर सूर्यास्तापूर्वीच्या शेवटच्या तासात त्यांच्या कडा उठून येतात, म्हणून चारच्या सुमारास आत शिरण्याचा बेत करावा. ज्यांना कासवेही पाहायची आहेत, त्यांनी येथे आणि पूर्व किनाऱ्यावरील रास अल जिन्झ येथे एकेक रात्र देऊन परतीचा प्रवास बुधवारवर ढकलावा. माझ्या मते तो एक दिवस वाढवणेच योग्य.

रास अल जिन्झच्या संरक्षित किनाऱ्यावर हिरवी समुद्री कासवे वर्षभर अंडी घालायला येतात, जरी त्यांची गर्दी उन्हाळ्यात अधिक असते. रात्रीची आणि पहाटेची अशा दोन फेऱ्या वाटाड्यासोबत होतात. हिवाळ्यात मला पहाटेची फेरी अधिक आवडते, कारण माणसे कमी असतात आणि समुद्राकडे परतणारे कासव उजेडात दिसते. जागा आधीच राखून ठेवावी. मोबाइलचा दिवा आणि फ्लॅश पूर्ण बंद ठेवावा, उजेडाने कासवे अंडी न घालताच मागे फिरतात. येथल्या उत्खननात सिंधू संस्कृतीची मडकी सापडली आहेत, तेव्हा तेथील कासव केंद्रातील छोटे संग्रहालय भारतीय पाहुण्याने अवश्य पाहावे. पुढे सूर या बंदराच्या गावी अजूनही लाकडी जहाजे बांधली जातात, आणि त्यांच्यासाठी सागवान पूर्वापार मलबार किनाऱ्यावरून येत असे.

सूरहून मस्कतकडे येताना वादी शाब लागते. शुक्रवार-शनिवार ही तेथील साप्ताहिक सुट्टी असल्याने गर्दी टाळण्यासाठी या आखणीत ही वादी मुद्दाम कामाच्या दिवशी ठेवली आहे. छोट्या होडीने पलीकडे जाऊन पाऊण तास खडकांतून चालावे लागते आणि मग डोहांत पोहत जाऊन कपारीआड दडलेला धबधबा गाठता येतो. पोहता येत नसेल तर पहिल्या डोहापाशीच थांबावे. स्त्री-पुरुष दोघांनीही अंग झाकणारे पोहण्याचे कपडे घालावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आभाळ स्वच्छ असले तरी दूरच्या डोंगरात पाऊस झाल्याची सूचना असेल, तर कोणत्याही वादीत उतरू नये आणि वाहत्या वादीतून गाडी घालू नये. पाणी काही मिनिटांत चढते आणि अशा प्रवाहात वाहन घालणे हा तेथे गुन्हा आहे. तशी सूचना असल्यास वादी शाब सोडून द्यावी, महामार्गाने पुढे जाऊन बिम्मा येथील चुनखडीच्या खड्ड्यातील निळे-हिरवे पाणी पाहावे आणि अंधार पडण्यापूर्वी मस्कतमध्ये पोहोचावे.