आजाऱ्याच्या उशाशी स्तोत्र कसे वाचावे

आजाऱ्याला भेटायला किंवा मरण झालेल्या घरी सांत्वनाला जाताना बायबल बरोबर असते, पण काय वाचायचे हे बहुतेक वेळा दारात चपला काढताना ठरते. मग हात आपोआप स्तोत्र २३ कडे वळतो. ते स्तोत्र मोलाचेच आहे. तरी रात्रभर तळमळलेल्या माणसाला ‘मला काही उणे पडणार नाही’ हे पहिल्याच दमात ऐकवले, तर आपले दुखणे यांच्या ध्यानातच आलेले नाही असे त्याला वाटते. सुरुवात स्तोत्र १३ ने करा.

हे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत ‘किती वेळ’ हा प्रश्न चार वेळा येतो, आणि तो थेट देवाला विचारलेला आहे. तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणे आहे: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे. भरवसा येतो तो पाचव्या वचनात. वाचणारा इथेच चुकतो. त्याला पाचव्या वचनाची घाई असते, म्हणून पहिली दोन तो भरभर उरकतो. तसे करू नका. दुसरे वचन संपले की थांबा, मनात दहा आकडे मोजा. पुष्कळदा आजारी माणूस याच वेळी बोलू लागतो किंवा रडतो. तो बोलू लागला तर पुस्तक मिटा, बोटाने पान धरून ठेवा आणि ऐका. उरलेली चार वचने नंतर वाचता येतील. त्या दिवशी नाही वाचली तरी चालेल.

वाचण्याआधी विचारा, ‘थोडे वाचू का?’ नको म्हटले तर नको. उभ्याने वाचू नका. खुर्ची उशाजवळ ओढा, म्हणजे तुमचा चेहरा त्यांच्या चेहऱ्याच्या पातळीवर येईल. आवाज उपासनेतला नको, बोलण्यातला हवा. सगळी भेट पंधरा मिनिटांत आटपा. वयस्कर माणसांसाठी त्यांच्याच घरातले जुने बायबल मागून घ्या. लहानपणापासून पाठ असलेले शब्द कानावर पडले की त्यांचे ओठ हलू लागतात. मोबाइलवरच्या नव्या भाषांतराने ते होत नाही.

स्तोत्र ५६ चे आठवे वचनही जवळ असू द्या. देव आपली आसवे बुधलीत भरून ठेवतो, असे तिथे म्हटले आहे. ही बुधली म्हणजे प्रवासात पाणी नेण्याची कातडी पिशवी. कोरड्या मुलखात पाण्याचा थेंब जसा जपावा, तशी आसवे जपलेली. एवढे एका वाक्यात सांगितले तरी पुरते. त्यावर प्रवचन नको.

देवाच्या दयेबद्दल बोलायचे झाले तर ‘कळवळा’ हाच शब्द वापरा. येशूला लोकांचा कळवळा आला, असे शुभवर्तमानांत येते, तिथला मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आला आहे. आपण आतडे पिळवटणे म्हणतो, तेच. जुन्या करारातल्या करुणेच्या हिब्रू शब्दाचे नाते गर्भाशयाच्या शब्दाशी आहे. यशया ४९:१५ मध्ये तर देव स्वतःची तुलना तान्ह्या बाळाच्या आईशी करतो. दुरून कीव करणाऱ्याची ही भाषा नव्हे.

आता काय टाळायचे ते. ‘देवाची इच्छा’, ‘देव परीक्षा पाहतोय’, ‘काहीतरी चुकले असेल’ ही तीन वाक्ये तोंडातून येऊ देऊ नका. मुलेबाळे, धन आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचे बरोबर होते. बोलू लागले आणि बिघडले. शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही (ईयोब ४२:७). रोमकरांस ८:२८, म्हणजे सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात हे वचन, एकटे उचलून कधीच वाचू नका. वाचायचेच तर २२ व्या वचनापासून घ्या. तिथे आधी सृष्टी कण्हते, मग आपण कण्हतो, मग पवित्र आत्माही आपल्यासाठी कण्हत विनंती करतो. खाटेवर कण्हणाऱ्या माणसाला २८ व्या वचनाआधी हे ऐकू येणे गरजेचे आहे.

दुखणे महिनोन्‌महिने चालले असेल आणि विश्वासू माणूस ‘आता प्रार्थनाच होत नाही’ म्हणत असेल, तर स्तोत्र ८८ वाचा. त्याचा शेवट अंधारात होतो. भरवशाचे वचन शेवटी येतच नाही. म्हणून वाचणारे त्याच्या शेवटी स्वतःचे आशेचे वाक्य जोडतात. जोडू नका. असे स्तोत्र शास्त्रात ठेवले गेले, हीच त्या माणसासाठी जागा आहे. मात्र पहिल्याच भेटीत किंवा तीव्र निराशेत एकट्या पडलेल्या माणसापाशी ते नको. तिथे घरच्यांना सांगा, डॉक्टरांना कळवा.

शेवटी प्रार्थना तीन-चार वाक्यांची करा. त्यात आजाऱ्याचे नाव घ्या आणि त्याने स्वतः सांगितलेली एक तरी गोष्ट त्याच्याच शब्दांत देवापुढे मांडा. तेल लावून प्रार्थना हवी असेल तर याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडीलजनांना बोलवा. कॅथलिक घरात धर्मगुरूंना निरोप द्या.

निघण्यापूर्वी स्वयंपाकघरात डोकावा. १ राजे १९ मध्ये ‘मला मरण दे’ म्हणून झुडपाखाली झोपलेल्या एलिया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवले, झोपू दिले आणि दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खायला उठवले. तेव्हा रात्रीच्या जेवणाचे विचारा, जागरण करणाऱ्या माणसाला दोन तास झोपायला सोडा आणि पुढच्या भेटीचा दिवस ठरवूनच निघा.