पिक्सेल अक्षरांत ‘धमाल’ लिहायचं तर

यंदा गणपतीत सोसायटीतल्या पोरांनी जुन्या व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवली आणि पोस्टर माझ्या गळ्यात पडलं. अक्षरं ‘त्या गेमसारखी, ठोकळ्यांची’ हवीत, एवढीच अट.

इंग्रजीपुरतं काम सोपं आहे. ‘प्रेस स्टार्ट टू पी’ हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. १९८०च्या दशकातल्या नामको या जपानी कंपनीच्या आर्केड गेममधल्या अक्षरांवर तो बेतलाय, ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटीत. म्हणून आकार ८च्या पटीतच ठेवा: १६, २४, ३२. २० ठेवलात तर एका ठिपक्याच्या वाट्याला अडीच पिक्सेल येतात आणि कडा फिसकटतात. फोटोशॉपमध्ये अक्षरांचं अँटी-एलियासिंग (कडा करड्या ठिपक्यांनी गुळगुळीत करणं) बंद करायला विसरू नका.

पण त्यात देवनागरी नाही. मग मी भाचीची चौकटीची वही आणि काळं स्केचपेन घेऊन बसलो.

८ ओळींत आपलं अक्षर मावत नाही. वर वेलांटी, खाली उकार, मध्ये शिरोरेषा. जाड अक्षर हवं तर २४ ओळी धरा: वरच्या ६ मात्रा-वेलांटीला, २ शिरोरेषेला, १० अक्षराच्या अंगाला, खालच्या ६ उकाराला. प्रत्येक रेघ २ चौकोन जाड. इंग्रजी अक्षरांमध्ये मोकळा रकाना सोडतात. आपण शिरोरेषा चौकटीच्या दोन्ही कडांना टेकवायची, नाहीतर शब्दाचे तुकडे पडतात.

खरी कसोटी ‘ध’ची. पहिल्या खेपेला मी सवयीने त्याच्या डोक्यावर शिरोरेषा पूर्ण ओढली. शेजारची चिमुरडी विचारते, “काका, घमाल म्हणजे काय?” आता शिरोरेषा फक्त दांड्यापाशी ठेवतो, डावीकडे ३ चौकोन मोकळे सोडतो आणि वरच्या वळणात २ चौकोनांची पोकळी राखतो. एकाच चौकोनाची ठेवली तर लांबून ती बुजते. ‘भ’चंही तसंच, नाहीतर त्याचा ‘म’ होतो.

वहीतलं अक्षर संगणकावर एक चौकोन म्हणजे एक पिक्सेल असंच उतरवा. मोठं करताना पूर्ण पटीत, ‘निअरेस्ट नेबर’ (कडा न पुसता मोठं करायचा पर्याय) निवडून, आणि फाइल पीएनजी. जेपीजीत काळ्या कडेभोवती करडी घाण दिसते. माझा ‘धमाल’ ४५ चौकोन रुंद झाला. चौकोन ६ मिलिमीटरचा धरला की २७० मिलिमीटर, म्हणजे ए-३ कागदाच्या २९७ मिलिमीटर रुंदीत आरामात.

हे अक्षर नावाला, गुणफलकाला, टी-शर्टला शोभतं. स्पर्धेचे नियम मात्र साध्या फॉन्टमध्ये लिहा. पिक्सेलमधली चौथी ओळ कुणी वाचत नाही.

उरलेला वहीचा कागद बहिणीने नेला. मॅटीच्या कापडावर ती ते भरतेय, एका चौकोनाला फुलीचा एक टाका. परवा ‘ध’च्या पोकळीत चुकून एक टाका जास्त पडला, तर माझ्याकडे बघत तिने तो मुकाट्याने उसवला.