सार्वजनिक मैदानावर सॉफ्टबॉलसाठी आखणी कशी करावी

महापालिकेच्या मैदानावर सराव करणाऱ्या सॉफ्टबॉल संघाला स्वतःची अशी जागा क्वचितच मिळते. फेऱ्या मारणारे ज्येष्ठ नागरिक, मधली खेळपट्टी अडवून बसलेले क्रिकेटवाले आणि कडेच्या झोपाळ्यांवरची मुले यांच्यातच त्याला दर वेळी नव्याने आखणी करावी लागते. या खेळात बेसबॉलसारखा पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, उंचवटा नसतो, त्यामुळे काही खणावे वा बांधावे लागत नाही. परवानगीच्या अर्जात वार आणि वेळ यांच्याबरोबर ही गोष्टही आवर्जून लिहावी आणि अर्जाची पोच घ्यावी.

फक्की हातात घेण्यापूर्वी होम प्लेट (फलंदाजाजवळची पाटी; ती आणि धावताना गाठायचे तीन बेस मिळून चौकोन होतो) मैदानाच्या कोणत्या कोपऱ्यात ठेवायची, हे ठरवावे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून असते. संध्याकाळी खेळायचे असल्यास ती मैदानाच्या नैऋत्येकडील बाजूस ठेवून दुसऱ्या बेसची दिशा साधारण ईशान्य-पूर्वेकडे धरावी, म्हणजे मावळतीचे ऊन फलंदाजाच्या डोळ्यांवर येत नाही. लांबच्या क्षेत्ररक्षकांना मात्र ते सोसावेच लागते. त्यांनी टोपी घालावी. होम प्लेटच्या मागे जाळीपर्यंत किमान 7.62 मीटर मोकळी जागा हवी. पहिल्या बेसच्या पलीकडे झोपाळे किंवा बाकडी येऊ देऊ नयेत, कारण जमिनीवरून आलेला चेंडू बहुतेक वेळा तिकडेच फेकला जातो आणि हुकलेली फेक थेट तेथील माणसांवर जाते. माझ्या मते सूर्य आणि झोपाळे यांपैकी एकच गोष्ट सांभाळता येत असेल, तर झोपाळे सांभाळावेत.

आखणीला 50 मीटरची एक टेप आणि काही खुंट्या पुरतात. होम प्लेटच्या मागच्या टोकाशी पहिली खुंटी ठोकावी आणि ठरलेल्या दिशेने 25.86 मीटरवर दुसरी ठोकावी. तो दुसऱ्या बेसचा मध्य होय. आता टेपचे शून्य होमच्या खुंटीवर आणि 36.58 मीटरची खूण दुसऱ्या खुंटीवर धरून 18.29 मीटरची खूण उजवीकडे ताणावी, म्हणजे पहिल्या बेसचा बाहेरचा कोपरा मिळतो. तीच खूण डावीकडे ताणली की तिसऱ्याचा मिळतो. पहिला आणि तिसरा बेस या खुणांच्या आतल्या बाजूस बसवावेत.

पिचर जिथे पाय ठेवून चेंडू टाकतो ती पट्टी चौकोनाच्या बरोबर मध्यावर असते, असे समजून पुष्कळ नवे संघ चुकतात. महिलांच्या खेळात होमच्या मागच्या टोकापासून पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत 13.11 मीटर अंतर असते, म्हणजे मध्यापेक्षा सुमारे 18 सेंटिमीटर दुसऱ्या बेसच्या बाजूला. पुरुषांसाठी ते 14.02 मीटर असते. पट्टीभोवती 2.44 मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. रेषांसाठी फक्कीच वापरावी, कळीचा चुना कदापि नको. तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

लांबीला जागा कमी पडत असेल, तर फेऱ्यांच्या वाटेच्या अलीकडे झेंडे लावावेत आणि टप्पा खाऊन त्यापलीकडे गेलेल्या चेंडूला दोनच बेस द्यायचे, हे नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधारांनी मान्य करून घ्यावे. खेळ संपल्यावर खुंट्या मोजून गोळा कराव्यात, कारण सकाळी त्याच गवतावरून माणसे अनवाणी चालतात.