पुस्तक वाचून घर बांधताय, शेती करताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या आमच्या गावात कुणी ना कुणी तरुण येतो. पिशवीत जपानी शेतकरी मासानोबू फुकुओकांचं नैसर्गिक शेतीवरचं पुस्तक, केरळात स्वस्त घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या चित्रांच्या पुस्तिका आणि पावसाळ्याआधी घर उभं करायची घाई. ही पुस्तकं मी तीस वर्षं वापरतोय, लोकांना वाचायला देतोय. ती सोन्यासारखी आहेत. पण ती कुठल्या मातीत आणि किती पावसात लिहिली गेली, हे बघितल्याशिवाय लोक कामाला लागतात आणि गरिबाची पुंजी त्यात बुडते.

काळ्या मातीची भिंत

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता राग येतो. चार-पाच वर्षांपूर्वी एका जोडप्याने शेतातच पाया खणला आणि निघालेल्या मातीच्याच भिंती घातल्या. जागेवरची माती वापरा, असं बेकर सांगतात ना! शेजारच्या आजी बांधावरून म्हणाल्या, "काळीत घर बांधतं का कुणी, लेकरा?" कुणी ऐकलं नाही. चैत्रात भिंतीला तडे गेले. एका तड्यात माझी चार बोटं मुळापर्यंत आत गेली. मृगाचे दोन पाऊस झाले, पायाखालची माती फुगली आणि दाराची चौकट तिरकी झाली. दार शेवटपर्यंत लागलं नाही.

काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते. पिकाला ती आई आहे, भिंतीला वैरी. बेकर यांनी केरळात जी माती हाताळली ती बहुतेक जांभ्याची, तिचा स्वभावच वेगळा. आपल्या भाषेत तर उत्तर आधीच आहे: शेताला 'काळी' म्हणतात आणि गावठाणाला 'पांढरी'. आमच्याकडच्या गढ्या पांढऱ्या मातीच्या आहेत, माळवदावरही, म्हणजे सपाट मातीच्या छपरावरही, तीच पसरतात. बेकर स्वतः हिमालयातल्या पिथोरागडच्या डोंगरात अनेक वर्षं राहिले आणि तिथल्या लोकांची बांधायची रीत बघून शिकले. पुस्तिकेतून घ्यायचं तर हे घ्या.

माझी सवय सांगतो. पाण्याच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. खूप हलवायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाला वाळू, मध्ये पोयटा, वर चिकणमाती असे थर दिसतात. चिकणमाती तिसऱ्या हिश्शाहून जास्त दिसली तर मी वाळू नाहीतर बारीक मुरूम मिसळतो. मग पाच कच्च्या विटा पाडून सावलीत तीन आठवडे वाळवतो. तडकल्या तर पुन्हा मिश्रण. लोकांना हे तीन आठवडे जड जातात. भिंत पाडून पुन्हा घालायला किती दिवस लागतात, ते त्या जोडप्याला विचारा. दुसऱ्या वेळी त्यांनी गावठाणातल्या पडक्या घराची माती आणली, पाया मुरमापर्यंत नेला, दगडी जोतं दोन फूट उचललं आणि वळचण हातभर बाहेर काढली.

कडबा शेतात पसरणं

फुकुओका भाताचं काड न कापता सातूच्या शेतात पसरत आणि सातूचं भाताच्या. ते जपानच्या शिकोकू बेटावर. तिथे पाऊस आमच्या जवळजवळ दुप्पट. आमच्याकडे ज्वारीचा कडबा म्हणजे बैलांचं वर्षाचं पोट. तो रानात पसरणाऱ्याला घरची माणसं वेडा म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. शिवाय कोरड्या रानात पसरलेलं काड वाळवी खाते. मी बांधावर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावली, त्यांची कोवळी छाटणी आच्छादनाला वापरतो. उसाचं पाचट असेल तर ते जाळू नका.

फुकुओकांच्या 'काही न करता शेती' याचा अर्थ सोडून देणं नव्हे. वडिलांची संत्र्याची बाग छाटणीविना सोडल्यावर झाडं मेली, हे फुकुओकांनीच लिहिलं आहे. ती पानं लोक गाळतात.

बाकीच्या, थोडक्यात

बेकर यांच्या रॅट ट्रॅप बाँड या भिंत रचायच्या पद्धतीत विटा काठावर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात, सुमारे पाव विटा वाचतात. गवंडी सवयीने पोकळीत माल भरतो आणि बचत तिथेच संपते. पहिले तीन थर स्वतः उभं राहून लावून घ्या. वाकड्यातिकड्या विटा असतील तर या वाटेला जाऊच नका.

दगड-मातीच्या जाड भिंतीत आरपार दगड नसले तर भिंत दोन सालींसारखी सुटते. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती आणि वरची जड माळवदं माणसांवर कोसळली. लातूर-धाराशिवकडे बांधताना आरपार दगड आणि छताखाली सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा सलग पट्टा यांत काटकसर करू नका, कुठलंही पुस्तक काहीही म्हणो.

इंग्रज शेतीतज्ज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांच्या इंदूर पद्धतीचं कंपोस्ट खत पावसाळ्यात खड्ड्यात करू नका, पाणी साचून सडतं. जमिनीवर ढीग घाला. ढीग उलथायचा कंटाळा असेल तर सुरूच करू नका.

जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रावण, उन्हात ठेवू नका. ते विरजण आहे, खत नव्हे. रानात कुजायला काही नसेल तर ते कशाला लागणार?

आणि नवं पुस्तक हातात आलं की पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहा: लेखकाकडचा पाऊस, माती, जनावरं. खाली आपली. माझ्या फुकुओकांच्या प्रतीवर जनावरांपुढे लिहिलंय, "दोन बैल, एक म्हैस, कडबा उरत नाही."